थांब, स्वस्त होईल!

वस्तू विकत घेण्याच्या बाबतीत माणसांचे दोन पंथ आहेत. दुकानाची फळी उघडण्यापूर्वीच दारात जाऊन उभा राहणारा एक, आणि "थांब, स्वस्त होईल!" असे म्हणणारा दुसरा. आमचे घराणे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या पंथाचे. हापूस आंबा अक्षय्यतृतीयेला आणावा असे लोक म्हणतात; आमचे आजोबा तो मृगाचा पाऊस पडून भाव कोसळल्यावर आणीत, आणि त्यातले निम्मे आंबे नासके निघाले तरी "पण काय भावाने मिळाले!" असे म्हणत उरलेले निम्मे आनंदाने चोखीत. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, यांनी हाच कुलाचार पंखा, घड्याळ आणि मिक्सर यांच्या बाबतीत पाळला. मी तो मोबाइल फोनच्या बाबतीत पाळला. कचेरीतल्या शिपायाने जो फोन जुना झाला म्हणून बदलला, तो मी नवा म्हणून घेतला आहे.

अशा या घरात २०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या चिरंजिवांनी बंडाचे निशाण उभारले.

चिरंजीव तेव्हा आठवीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. वय वर्षे चौदा. ऐन दुपारी, मी वर्तमानपत्राने वारा घेत पडलो असताना, ते माझ्यासमोर गणिताची वही घेऊन बसले. सुट्टीत मुलगा आपणहून गणिताची वही उघडतो आहे हे पाहून मला क्षणभर धन्यता वाटली. पण वहीवर मथळा होता : 'स्विच २ – घ्यावा की नाही? – बाबांसाठी.'

निन्टेंडो नावाची एक जपानी कंपनी आहे. तिने हातात धरून खेळायचे, आणि वाटल्यास टीव्हीला जोडून खेळायचे, एक नवे यंत्र ५ जून २०२५ रोजी बाजारात आणायचे ठरवले होते. अमेरिकेत त्याची किंमत साडेचारशे डॉलर. आपल्याकडे ही कंपनी ते स्वतः विकणार नव्हती. म्हणजे एक तर आडबाजारातून चढ्या भावाने घ्यायचे, नाही तर परदेशातून कोणाकरवी आणवायचे. हा 'कोणी' आमच्या घरात तयारच होता. चिरंजिवांचे मामा न्यू जर्सीला असतात आणि जुलैमध्ये सहकुटुंब येणार होते. आगाऊ नोंदणी २४ एप्रिलला सुरू होणार होती आणि ती चुकली तर यंत्र हाती लागणे कठीण, असा वहीत इशारा होता.

"तिकडचा कर धरून सगळे मिळून एक्केचाळीस हजार रुपये," चिरंजीव म्हणाले. "माझ्या डब्यात चौदा हजार तीनशे आहेत. बाकीचे तुम्ही घालायचे."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात चार वर्षांची भाऊबीज, वाढदिवस, मुंजीतला आहेर आणि शिष्यवृत्तीची रक्कम होती. डब्यातल्या पैशांचा आकडा ऐकून मी सावरून बसलो. इतकी रोकड माझ्याजवळ महिनाअखेरीला नसते.

तरी सवयीप्रमाणे तोंडातून शब्द निघालेच, "थांब रे. स्वस्त होईल!"

आता हे बोलताना मी अगदी निराधार बोललो असे नाही. चिरंजिवांनी वही केली तर आपणही अभ्यास करावा, म्हणून दोन रात्री मीही या विषयात डोके घातले, आणि मला खरोखरच मजा वाटली. ही कंपनी १८८९ साली क्योटोमध्ये निघाली ती हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठी. म्हणजे मुलांनी अभ्यास सोडून खेळत बसावे, हा तिचा धंदा सव्वाशेहून अधिक वर्षांचा! पुढे गुनपेई योकोई नावाच्या तिथल्या एका कल्पक माणसाने आगगाडीत एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरच्या कळांशी चाळा करताना पाहिले आणि त्यावरून त्याला खिशात मावणारा खेळ सुचला, असे सांगतात. तो खेळ १९८० मध्ये बाजारात आला. १९८९ मध्ये याच योकोईच्या हाताखाली 'गेम बॉय' तयार झाला. त्याचा पडदा हिरवट, मंद, मागून उजेड नसलेला. स्पर्धकांनी लगोलग रंगीत पडद्यांची यंत्रे काढली. पण ती पेन्सिल सेल असे फस्त करीत की खेळापेक्षा सेलचा खर्च जड व्हावा. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी तास चाले. तो आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटींच्या वर खपले.

योकोईचे म्हणणे असे की, अगदी नवे, महागडे तंत्र घेण्यापेक्षा बाजारात मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या रीतीने वापरावे. हे वाचून मी मांडीवर थाप मारली. क्योटोत बसलेला हा गृहस्थ आमच्याच पंथाचा निघाला! कंपनीच्या कारागिराने वस्तू मुरू द्यायची आणि गिऱ्हाइकाने मात्र पहिल्या दिवशी रांग लावायची, हा कुठला न्याय?

शिवाय माझ्या हाती एक हुकमी एक्का लागला होता. याच कंपनीने २०११ मध्ये 'थ्रीडीएस' नावाचे यंत्र काढले. जपानात फेब्रुवारीत त्याची किंमत २५,००० येन होती, ती ऑगस्टमध्ये १५,००० येनांवर आली. अमेरिकेत अडीचशे डॉलरचे यंत्र पाच महिन्यांत एकशे सत्तरला मिळू लागले. ज्यांनी पहिल्या दिवशी धाव घेतली होती त्यांची समजूत काढण्यासाठी कंपनीला वीस जुने खेळ फुकट द्यावे लागले.

"बघ!" मी विजयी मुद्रेने म्हणालो, "पाच महिने दम धरला असता तर ऐंशी डॉलर वाचले असते."

चिरंजिवांनी शांतपणे वहीचे पान उलटले. हा मुद्दा तिथे लिहिलेलाच होता. खाली उत्तरही होते. "आणि पहिला स्विच? २०१७ च्या मार्चमध्ये तीनशे डॉलरला आला. आज आठ वर्षे झाली, अमेरिकेत अजून तीनशेलाच आहे. जो आठ वर्षे थांबला, तो नुसताच थांबला."

मुलगा वकील होणार की काय, अशी मला शंका आली. पण तो प्रामाणिकही होता, कारण त्याने विरुद्ध बाजूचेही मुद्दे लिहिले होते. पहिल्या दिवशी नवे खेळ थोडेच असणार. त्यातला मोटारींच्या शर्यतीचा मुख्य खेळ वेगळा घेतला तर तोच ऐंशी डॉलरचा. बॅटरी खेळाप्रमाणे दोन ते साडेसहा तास. जुन्या यंत्रातले साठवणीचे कार्ड याला चालायचे नाही, नव्या जातीचे घ्यावे लागेल. आणि काही खेळांच्या कार्डात खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. हे शेवटचे ऐकून सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे श्रीखंडाचा डबा आणायचा आणि आत नुसती चिठ्ठी!"

सौ.चा खरा मुद्दा मात्र एकाच शब्दाचा होता : "नववी." आणि त्याच्या मागे उभा असलेला दुसरा : "दहावी." या दोन शब्दांपुढे मराठी घरात कोणताही युक्तिवाद टिकत नाही.

इथे आमच्या घरातल्या दुसऱ्या एका यंत्राविषयी सांगितले पाहिजे.

आप्पा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. प्रकृती काटक, दात स्वतःचे, फक्त कानांनी गेली काही वर्षे असहकार पुकारला होता. टीव्हीवरच्या बातम्या आमच्या घरात लागल्या की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळ्या लावाव्या लागत नसत. जानेवारीत कानाच्या डॉक्टरांनी तपासून दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावावीत असे सांगितले. उशीर केला तर शब्द ओळखण्याची सवय सुटत जाते, असेही बजावले. किंमत दोन्ही मिळून पंचेचाळीस हजारांच्या घरात. आप्पांनी आकडा ऐकला (आकडे त्यांना ऐकू येत) आणि म्हणाले, "थांब. विजेवरची वस्तू आहे. वर्षा-दोन वर्षांत स्वस्त होईल." मीही "बरं" म्हणालो. जानेवारीचा एप्रिल झाला.

नोंदणीला तीन दिवस उरले असताना रात्री मी आणि आप्पा गॅलरीत बसलो होतो. मुलाच्या वहीची कथा मी त्यांना सांगितली. सांगितली म्हणजे ओरडून सांगितली. मग सहज म्हणालो, "आप्पा, त्याचा हट्ट तुम्हांला चालला नसता. आम्ही टीव्ही मागितला तेव्हा तुम्ही आम्हांला किती थांबवलं होतंत!"

ती गोष्ट १९८३ ची. मी सात वर्षांचा होतो. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. चाळीत टीव्ही येऊ लागले होते, आमच्याकडे नव्हता. मी आणि ताई रोज विचारीत असू आणि आप्पा रोज सांगत, "थांबा, स्वस्त होईल." २५ जूनला लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो आम्ही शेजारच्या बिऱ्हाडात दाराबाहेर उभे राहून पाहिला. आत जागा नव्हती. मला काही दिसेना, तेव्हा आप्पांनी मला खांद्यावर घेतले. कपिलदेवने मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला तो मी आप्पांच्या खांद्यावरून पाहिला. आप्पांनी स्वतः तो पाहिला नाही, कारण त्यांच्यापुढे दाराची चौकट आणि माणसांच्या पाठी होत्या. आपले १८३, त्यांचे १४०. चाळ दणाणून गेली. आमच्याकडे टीव्ही आला तो पुढच्या वर्षी दिवाळीला, आणि त्यानंतर कपिलने झेल घेतला नाही असे नाही, पण तो झेल काही पुन्हा घेतला नाही.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटले, ऐकू आले नाही. मग ते एकदम मोठ्याने म्हणाले (बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही), "स्वस्त व्हायची वाट कोण बघत होतं! पैसेच नव्हते रे!"

मी बघतच राहिलो.

"गिरणी बंद होती. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. आम्ही कचेरीतली माणसं संपावर नव्हतो, पण गिरणीच बंद तर पगार कुठून? तुझी आई पापड लाटून विकत होती, ते तुम्हांला 'पाहुण्यांसाठी' म्हणून सांगत होतो. पोरांना 'पैसे नाहीत' सांगायला जीभ रेटेना. 'स्वस्त होईल' हे सांगायला सोपं. त्यात बापाचा कमीपणा नाही, उलट शहाणपणाच दिसतो."

संप झाला होता हे मला ठाऊक होते. अडीच लाख कामगारांचा तो संप आता पुस्तकांतून आहे. आई पापड लाटीत होती हेही मला आठवत होते. लाट्या चोरून खाल्ल्याबद्दल मारही खाल्ला होता. पण त्या दोन वर्षांत आमच्याकडे पाहुणे किती कमी आले आणि पापड किती लाटले गेले, ही वजाबाकी बेचाळीस वर्षांत माझ्या हातून झाली नव्हती. आप्पांच्या काटकसरीवर मी मित्रांत कितीतरी विनोद केले आहेत. या लेखाच्या सुरुवातीलाही एक केला आहे.

मग मला दुसरी गोष्ट सुचली आणि मी आणखी मोठ्याने विचारले, "आणि आप्पा, कानाची यंत्रं? ती स्वस्त होतील म्हणून थांबला आहात की—"

"जूनमध्ये पोराची फी आहे," आप्पा म्हणाले, "घराचा हप्ता आहे. मला काय ऐकायचं राहिलंय?" आणि उठून आत गेले.

हे सगळे संभाषण असे झाले होते की ते केवळ आमच्या घराने नव्हे, समोरच्या इमारतीनेही ऐकले असावे. आत चिरंजीव जागे होते.

सकाळी दात घासता घासताच त्यांनी मला गाठले. "बाबा, एक विचारू? आपल्याकडे पैसे आहेत की नाहीत?"

चौदा वर्षांच्या मुलाने बापाला हा प्रश्न विचारावा आणि बापाने त्याचे सरळ उत्तर द्यावे, अशी आमच्या घराण्यात रीत नव्हती. माझ्या जिभेवर पुन्हा तेच जुने वाक्य आले. पण आदली रात्र ताजी होती. मी कपाटातून बँकेचे पुस्तक काढले आणि त्याच्यासमोर ठेवले. पगार, हप्ता, विमा, फी, सोसायटीचे देणे, सगळे त्याच वहीत उतरवले. बेरीज त्यानेच केली. आम्ही गरीब नाही, पण त्या उन्हाळ्यात चाळीस-पंचेचाळीस हजारांची एकच वस्तू घरात येऊ शकत होती, दोन नव्हे.

"मग आजोबांचं आधी," तो म्हणाला. म्हणताना त्याने वहीतून मान वर केली नाही. त्याला सहज जमले असे मी म्हणणार नाही. पेन्सिलीचे टोक मोडेपर्यंत तो त्या बेरजेखाली रेघ ओढीत होता.

मी म्हणालो, "आणखी एक खरं सांगायचं राहिलं. पैसे असते तरी मी बिचकलो असतो. तुझी नववी, मग दहावी. ते यंत्र घरात आलं की तू त्यातच बुडशील अशी मला भीती वाटते."

"मग तसं सांगायचं," तो म्हणाला. "त्यावर मी बोललो असतो. तास ठरवले असते. 'स्वस्त होईल' यावर काय बोलणार?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मेहुण्यांना फोन केला. "भावोजी, खरंच नको?" ते तीन-तीनदा विचारीत होते. "त्याला हौस आहे, मी आणतो की." मी म्हणालो, "या वर्षी नको. पैसे आप्पांच्या कानांना लागणार आहेत." इतके साधे वाक्य उच्चारायला मला एकोणपन्नास वर्षे लागली.

आप्पांची यंत्रे मे महिन्यात आली. त्यासाठी मला आप्पांशी भांडावे लागले. ते भांडण शेवटचेच मोठ्या आवाजातले. यंत्रे लावून घरी आल्यावर ते पहिल्यांदा म्हणाले, "पंखा वाजतोय." मग म्हणाले, "सूनबाई, तुझ्या बांगड्या वाजतात." आणि मग माझ्याकडे वळून, "तू केवढ्याने ओरडतोस रे!"

जूनच्या पाच तारखेला ते नवे यंत्र जगात अवतरले. जपानात कंपनीच्या स्वतःच्या दुकानाने सोडत काढली होती. तिला बावीस लाख अर्ज आले, आणि त्यातही जुन्या यंत्रावर निदान पन्नास तास खेळल्याचा दाखला हवा होता! पहिल्या चार दिवसांत जगभर पस्तीस लाख यंत्रे खपली. चिरंजिवांनी त्या दिवशी बातम्या वाचल्या आणि लवकर झोपले. आम्ही उभयता बराच वेळ जागे होतो.

जुलैत मेहुणे आले. त्यांच्या मुलांनी अर्थातच नवे यंत्र घेतले होते. बॅगेतून बदाम, चॉकलेटे, साबण निघाले, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा जुना स्विच निघाला. २०१७ चा. पडद्यावर एक ओरखडा, कडेला कोणीतरी चिकटवलेले डायनोसोरचे चित्र. अमेरिकेतून भाच्यांचे जुने कपडे येण्याची परंपरा आमच्याकडे होतीच, तिच्यात हे बसले. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी ते यंत्र हातात घेतले, दोन्ही बाजूंचे तुकडे सुटे केले, आणि एक आप्पांच्या हातात दिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ, वहीत ठरवून लिहिलेल्या वेळात, आजोबा-नातवाची मोटारींची शर्यत चालते. आप्पा नेहमी हरतात, कारण वळण आले की ते यंत्राऐवजी स्वतः वळतात. पण हरता हरता ते ओरडतात, "मागून गाडी येतेय, मला ऐकू येतंय!"

ऑगस्टमध्ये एक बातमी आली. अमेरिकेत त्या जुन्याच स्विचची किंमत तीनशे डॉलरवरून तीनशे चाळीस झाली. आठ वर्षांच्या यंत्राची! चिरंजिवांनी वही आणून त्या पानावर तारीख घातली आणि मला दाखवली. "बाबा, थांबलं तर महागसुद्धा होतं."

आता दिवाळी आहे. भाऊबीज धरून डब्यात एकोणीस हजार सातशे झाले आहेत. परवा फराळाच्या वेळी चिरंजिवांनी हळूच विषय काढला, "बाबा, मामा डिसेंबरमध्ये पुन्हा येतोय. मग?"

चकली माझ्या तोंडात होती. तीन पिढ्यांचे ते वाक्य अगदी ओठांवर आले. पण समोर आप्पा बसले होते, दोन्ही कानांत यंत्रे लावून. त्यांना आता सगळे ऐकू येते.

मी चकली खाली ठेवली आणि म्हणालो, "आण ती वही."